हलव्याचे दागिने आणि मुलांचे प्रश्न

संक्रांतीशी माणसाची पहिली गाठ पडते ती बोरन्हाणात, काहीच न कळण्याच्या वयात. काळे झबले, गळ्यात हलव्याचा हार, आणि डोक्यावरून ओतलेली बोरे, चुरमुरे, उसाचे करवे. रथसप्तमीपर्यंत सोयीच्या दिवशी हे उरकतात. या वयाला कारणे सांगायची नसतात. जमलेली पोरे खाऊ वेचतात, तेवढे पुरे.

चार-पाच वर्षांचे मूल मात्र विचारू लागते. एरवी सणाला वर्ज्य असलेला काळा रंग आजच कसा चालतो? काळे कापड ऊन शोषते, हे त्याला अंगणात उभे राहून पडताळता येते. सुगडात हरभऱ्याचे घाटे, गाजर, ऊस, गव्हाच्या ओंब्याच का? त्या दिवसांत शेतात तेच असते. तीळ तर फार जुने. हडप्पाच्या उत्खननात करपलेले तीळ सापडले आहेत. संकरासुराला मारणाऱ्या देवीची कथाही जरूर सांगावी, पण कथा म्हणूनच.

शाळेच्या वयात तारखेचा घोळ निघतो, आणि तो टाळू नये. संक्रांतीला उत्तरायण सुरू होते असे सर्रास शिकवले जाते. सूर्य प्रत्यक्षात उत्तरेकडे वळतो तो २१-२२ डिसेंबरला. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी या दोन्ही घटना एकाच वेळी घडत. पृथ्वीचा आस फिरत्या भोवऱ्यासारखा सावकाश डुलतो, त्यामुळे नक्षत्रांवर बांधलेली संक्रांत साधारण सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि त्या दिवशी संक्रांत होती. आता ती १४ किंवा १५ जानेवारीला येते. हाच हिशेब मागे नेला की आणखी एक समजूत डळमळते. पानिपतचे युद्ध १४ जानेवारी १७६१ ला झाले, म्हणून ते संक्रांतीलाच झाले असे अनेक जण मानतात. त्या वर्षीची संक्रांत चारेक दिवस आधीच होऊन गेली होती. पंचांग आणि कॅलेंडर शेजारी ठेवून केलेला एवढा हिशेब मुलांना पाठ्यपुस्तकापेक्षा जास्त रमवतो.

हलव्याचे दागिने पुन्हा अंगावर येतात ते लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला, काळ्या साडीवर. आता ते बहुधा विकतचे असतात. घरी हलवा करायचा तर मंद आचेवरच्या परातीत तीळ किंवा खसखस घेऊन त्यावर पाक थेंबथेंब सोडायचा आणि बोटांनी हलवत राहायचे; कोरडी थंडी असली की काटा छान फुलतो. नातवंडांना सण शिकवायला याहून चांगला तास नाही, बोटे भाजली तरी.

याच परातीभोवती एखादी नात विचारते, शेजारच्या काकूंना हळदीकुंकवाला का बोलवत नव्हते? इथे थंडीचे, पिकाचे किंवा आकाशाचे कारण पुढे करू नये. विधवांना दूर ठेवण्याचा नियम माणसांनी केला होता, आणि अलीकडे कित्येक घरांनी तो मोडून त्यांनाही वाण द्यायला सुरुवात केली आहे.