बिलबुक आणि छपाईची जपून ठेवलेली मांडणी

मार्च महिना उजाडला की गोंदियाच्या बाजारातील छापखान्यांत बिलबुकांची कामे येऊन पडतात. भात गिरणी असो वा कापडाची पेढी, १ एप्रिलपासून साऱ्यांनाच नव्या क्रमांकाची बुके हवी असतात. १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराच्या नियमांनुसार मालाच्या बिलाच्या तीन प्रती लागतात : पहिली ग्राहकाची, दुसरी वाहतूकदाराची, तिसरी विक्रेत्याची. बिलाचा क्रमांक सोळा अक्षरांहून लांब असू नये आणि त्याच आर्थिक वर्षात पुन्हा येऊ नये. अशा वेळी छपाई किंचित सरकली आणि क्रमांकाचा ठसा रकान्याबाहेर पडला, तर सारे बुकच रद्दीत जाते.

शिशाच्या खिळ्यांच्या काळात नेहमीच्या गिऱ्हाइकाचा जुळवलेला मजकूर न सोडता दोरीने बांधून फळीवर ठेवीत. सोय खरी, परंतु तेवढे शिसे अडकून पडे. बिनव्याजी गुंतलेले भांडवलच ते. पुढे १९८५ मध्ये पेजमेकर आले आणि १९९९ मध्ये, म्हणजे गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाला त्याच वर्षी, इनडिझाइन आले. आता मजकूर फाइलमध्ये राहतो. तो कसा छापायचा याची मांडणी मात्र वेगळी जपावी लागते, आणि नेमके तेच अनेक ठिकाणी होत नाही.

इनडिझाइनमध्ये या मांडणीला ‘प्रिंट प्रीसेट’ म्हणतात. पेजमेकरमध्ये ती ‘प्रिंटर स्टाइल’ होती. छपाईच्या चौकटीत प्रिंटर, कागदाचा आकार, आडवा की उभा, कापणीच्या खुणा, कडेबाहेरची तीन मिलिमीटर जागा हे सारे एकदा ठरवून ‘सेव्ह प्रीसेट’ केले, की पुढच्या वेळी केवळ नाव निवडायचे. शिफ्टची कळ दाबून नाव निवडल्यास चौकट न उघडता थेट छपाई होते; नवशिक्याने मात्र ही घाई करू नये.

कारण प्रीसेट चूकही तितक्याच इमानाने जपतो. ‘कागदात बसवा’ हा पर्याय एकदा चुकून राहिला, तर लेझरवरची प्रत दरवेळी थोडी लहान निघते. त्याच प्रतीवरून प्लेट होते आणि क्रमांकाची जागा सरकते. म्हणून प्रमाण शंभर टक्के आहे ना, हे पट्टीने मोजूनच नाव द्यावे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. प्रीसेट बिलाच्या फाइलमध्ये नसतो, तो त्या संगणकावरील सॉफ्टवेअरमध्ये असतो. संगणक फॉरमॅट झाला की तोही जातो. प्रीसेटच्या यादीतील ‘सेव्ह’ने त्याची ‘पीआरएसटी’ फाइल वेगळी काढता येते व ‘लोड’ने दुसऱ्या संगणकावर चढवता येते. लहान छापखान्यांत बहुधा एकच ऑपरेटर असतो. तो अधिक पगारावर नागपूरला गेला की मांडणी त्याच्या डोक्यातून त्याच्यासोबत जाते. बँकेत बदली झालेला अधिकारी किल्ल्या व नोंदवह्यांचा चार्ज लेखी दिल्याशिवाय सुटत नाही. छापखान्यात हा रिवाज नाही, आणि त्याची किंमत व्यापारी मोजतो.

नावातही सावधपणा हवा. ‘नवीन’, ‘नवीन २’, ‘फायनल’ यांतून वर्षभराने काय कळणार? ‘बिलबुक, ए-पाच, आडवे, तीन प्रती’ असे असावे. बुके हाती आल्यावर व्यापाऱ्याने बिलाची पीडीएफ आणि ती पीआरएसटी फाइल, दोन्ही आपल्या पेनड्राइव्हवर मागून घ्यावीत आणि पेनड्राइव्ह जुन्या बिलबुकांच्या कपाटातच ठेवावा.