देवांच्या दरींतील एक रात्र

अमेरिकेंतून परत आल्यावर आमच्या वर्गांतील मुलांनीं आम्हांस पहिला प्रश्न विचारला तो न्यूयॉर्कविषयीं. न्यूयॉर्क आम्हीं विमानतळापुरतेंच पाहिलें, असें सांगतांच सर्वांचे चेहरे उतरले. तेव्हां जें आम्हीं खरोखर पाहिलें, व ज्यांत आमची फजितीहि झाली, तें येथें सांगतों. फजितीचा भाग गाळावा असें मनांत आलें होतें. पण आमचे चिरंजीव याच शाळेंत सातवींत शिकतात, आणि त्यांनीं तो आपल्या मित्रांस आधींच सांगितला असावा.

आमचे वडील बंधु, ज्यांस आम्ही दादा म्हणतों, ते कोलोराडो संस्थानांतील डेन्व्हर शहरीं वीस वर्षें राहत आहेत. त्यांनीं एक जुनी ‘आर.व्ही.’ विकत घेतली आहे. आर.व्ही. म्हणजे चाकांवरचें बिऱ्हाडच म्हणाना. २४ फूट लांबीच्या त्या मोटारींत चूल, शीतपेटी, न्हाणी, संडास, आणि पांच माणसांच्या निजण्याची सोय आहे. तिच्या पोटांत तीन टांक्या असतात: एक स्वच्छ पाण्याची, एक सांडपाण्याची, तिसरी संडासाची. स्वच्छ टांकींत ४० गॅलन, म्हणजे सुमारें १५० लिटर पाणी मावतें. सांडपाण्याची टांकी त्याहून लहान आहे. ही शेवटली गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

ऑक्टोबर महिन्यांत दादा, वहिनी, आम्ही उभयतां व चिरंजीव असे पांच जण निघालों. युटा संस्थानांत मोआब गांवाजवळ ‘आर्चेस’ नांवाचें राष्ट्रीय उद्यान आहे. तेथें निसर्गानें कोरलेल्या दगडी कमानी २,००० हून अधिक आहेत, व त्यांविषयीं पुष्कळांनीं पुष्कळ लिहिलें आहे. ‘वॉल आर्च’ नांवाची एक मोठी कमान २००८ सालच्या ऑगस्टांत रात्रींच्या वेळीं आपोआप कोसळली, हें ऐकल्यापासून चिरंजीवांनीं प्रत्येक कमानीखालून धांवतच जाण्याचा क्रम ठेवला, एवढेंच आम्ही सांगतों.

मोआबच्या दक्षिणेस सुमारें १०० मैलांवर ब्लफ नांवाचें लहानसें गांव आहे, व त्याच्या पलीकडे ‘व्हॅली ऑफ द गॉड्स’, म्हणजे देवांची दरी. तिच्यांतून १७ मैलांचा कच्चा रस्ता तांबड्या मातींतून वळणें घेत जातो. तेथें ना दिवा, ना नळ, ना पहारेकरी. जमीन सरकारी व मोकळी असल्यामुळें, पूर्वीं कोणी तळ दिलेल्या जागीं मुक्काम करण्यास मनाई नाहीं. मात्र पाणी आपलें आपण न्यावें आणि घाणहि आपली आपण परत न्यावी, असा निर्बंध आहे. मोठी गाडी त्या वाटेनें फार आंत नेणें बरें नव्हे, म्हणून दादांनीं पूर्वेकडील तोंडापासून थोडें आंत जाऊन ती उभी केली.

सूर्य मावळतीस आला होता. सपाट माळावर शेंकडों फूट उंचीचे खडक एकेकटे उभे होते, आणि त्यांच्या सावल्या आमच्या गाडीपर्यंत आल्या होत्या. तेथील लोकांनीं त्यांस नांवेंहि मौजेचीं दिलीं आहेत. एकाचें नांव ‘बसलेली कोंबडी’, तर दुसऱ्या एका रांगेचें ‘सात खलाशी’. वरचा वालुकाश्म कठीण व खालचे थर मऊ. मऊ थर झिजले कीं वरच्याचा आधार सुटतो, त्याच्या ढलप्या कोसळतात, आणि उरतो तो असा सुळका. तांबडा रंग लोखंडाच्या गंजाचा. आमच्या सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारें ६॥ कोटी वर्षांचा. हे थर २५ कोटी वर्षांहून जुने आहेत. हें सर्व आम्हीं उभ्या उभ्या समजावून दिल्यावर चिरंजीव म्हणाले, “पपा, सुटी आहे ना?”

आम्ही दोघे बंधु नगर जिल्ह्यांतील एका खेड्यांत वाढलों. आमच्या आईनें १९७२ च्या दुष्काळांत खडी फोडण्याच्या कामावर मजुरी केली होती. तांब्यांत उरलेलें पाणी ओतून देणाऱ्यास ती पुढें जन्मभर बोल लावीत असे. दादांनीं ती शिस्त अमेरिकेंत नेली आहे. तोंड धुण्यास माणशीं एक पेला, भांडीं आधीं कागदानें पुसावयाचीं व मग धुवावयाचीं. रात्रीं वारा सुटला. थंडी कडाक्याची होती, आणि चांदणें एवढें स्वच्छ कीं, खडकांच्या कडा स्पष्ट दिसत होत्या.

पहांटे वहिनींच्या हांकेनें जाग आली. न्हाणींत चार बोटें राखी रंगाचें पाणी चढलें होतें. स्वच्छ टांकी रिकामी झाली होती, आणि पंप कोरडा घरघरत होता. रात्रीं मोरीचा नळ सुतासारखा वाहत राहिला, सांडपाण्याची टांकी भरली, व उरलेलें पाणी न्हाणींतून वर आलें. दांत घासण्यास शेवटीं कोण गेलें होतें? चिरंजीव. “मीं बंद केला होता, पपा,” असें ते दोनदां म्हणाले. आम्हीं वर्गांतल्या आवाजांत “खोटें बोलूं नकोस” असें सुनावलें, आणि एवढ्यावर न थांबतां, आजीचें नांव घेण्याची तुझी योग्यता नाहीं, असेंहि सर्वांदेखत बोललों. मुलगा कांहीं न बोलतां बाहेर निघून गेला.

वहिनींनीं पिण्याचे दोन डबे निराळे ठेवले होते, म्हणून चहा तरी झाला. पेला हातीं देतां देतां त्या हळूच म्हणाल्या, “भावोजी, मध्यरात्रीं डोळे धुवायला उठला होतां, ते तुम्हीच ना?”

आम्हीच. खिडकीच्या फटींतून वाळू डोळ्यांत गेली होती. अंधारांत चांचपत आम्हीं मोरीचा नळ उघडला, आणि बंद केला असें समजून पुन्हां निजलों. थांबून थांबून येणारी ती घुरघुर आम्हीं पंपाची न समजतां दादांच्या घोरण्याची समजलों होतों.

चिरंजीव एका मोठ्या शिळेच्या आडोशास खडे मांडीत बसले होते. “नळ मीं उघडा ठेवला होता. माझी चूक झाली,” आम्ही म्हणालों. त्यांनीं मान वर केली नाहीं. मग म्हणाले, “काका-काकूंसमोर सांगाल?” सांगितलें. तें पहिल्याहून पुष्कळ कठीण गेलें. त्या इतर शब्दांविषयीं त्यांनीं कांहीं विचारलें नाहीं. आम्हींच रात्रीं तो विषय काढला, तेव्हां ते नुसतें “बरं” म्हणाले.

सांडपाणी जमिनीवर सोडणें बरें नव्हे, म्हणून न्हाणींतलें पाणी बादल्यांत भरून, तें हिंदकळूं न देतां, आम्हीं ब्लफपर्यंत नेलें. पाणी भरण्याच्या जागीं एक वृद्ध गृहस्थ आपल्या मालमोटारीवरील पांढऱ्या टांकींत नळी सोडून उभे होते. सॅन वॉन नदीच्या दक्षिणेस नॅव्हाहो लोकांचा मुलूख आहे. तेथील पुष्कळ घरांत आजहि नळ नाहीं, व पाणी असें दुरून आणावें लागतें. हे गृहस्थ त्यांपैकींच. चिरंजीवांनीं विचारतां ते म्हणाले, हें घरच्या दोघांस व मेंढ्यांस आठवडाभर पुरवावयाचें. दादा आमच्याकडे पाहून म्हणाले, “टँकर आला कीं आई घागरी कशा रांगेंत लावायची, आठवतें?” त्या गृहस्थांस मराठी कळण्याचें कारण नव्हतें, तरी ते हंसले.

मग आमची पाळी आली. टांकी भरल्यावर चिरंजीवांनीं नळ बंद केला, आमच्याकडे एकदां पाहिलें, आणि तो पुन्हां पिळून बघितला.