ऊब मोजताना

आमच्या घरी नाताळचा केक भाजण्याचे मोजमाप घड्याळावर कधी नव्हते. ते आईच्या उजव्या हातावर होते. वाळू पसरलेल्या पातेल्यात डबा ठेवून खाली-वर निखारे रचण्याच्या काळात ती झाकणाजवळ तळहात धरी, मनाशी पाच-सहा आकडे मोजी आणि एखादा निखारा चिमट्याने बाजूला सारी. पुढे घरात विजेचा ओव्हन आला. त्याला तापमानाचे आकडे असलेले बटण होते. पण दार किलकिले करून हात आत धरल्याविना आईने रव्याच्या केकचा डबा कधी आत सारला नाही.

2022 च्या आगमनकाळात हा हात तिला फितूर झाला. जुन्या मधुमेहाने आधी तिचे तळपाय बधिर केले होते, आता बोटेही. डबा बाहेर काढताना फडके सरकले आणि बोटांवर फोड उठले, ते तिच्याआधी आमच्या लेकीला दिसले. "आजी, तुझा हात!" असे ती ओरडली तेव्हा आई शांतपणे डबा ओट्यावर ठेवीत होती. डॉक्टरांनी ओव्हनपासून दूर राहायला सांगितले. धाकट्या भावाने तो विकून टाकण्याची भाषा केली. जाड हातमोजे आम्ही दुसऱ्याच दिवशी आणले. पण आईचे खरे दुःख भाजल्याचे नव्हते, न कळल्याचे होते. "आता मला काही कळायचं नाही," एवढेच ती म्हणाली. धर्मग्रामातील अंथरुणाला खिळलेल्या माणसांकडे दर नाताळात तिच्या हातचा केक जात असे. त्या वर्षी तो गेला नाही.

विजेच्या खटपटीची आम्हांला तरुणपणापासून हौस. आईच्या हाताची उणीव आपण यंत्राने भरून काढू, असे आम्ही मनाशी ठरविले. ओव्हनमधील तापमान अचूक सांगणारा, ते मोबाइलवर पाठविणारा आणि हवे तेवढे झाले की घंटा वाजविणारा तापमापक घरीच तयार करायचा. आई पडवीत रोझरी करीत बसलेली असली तरी तिला कळावे.

अशा यंत्राचे मर्म थर्मोकपल नावाच्या तारेत असते. दोन भिन्न धातूंच्या तारा टोकाशी जोडून तो सांधा तापवला की त्यांत किंचित वीज उपजते. 1821 साली झेबेक नावाच्या शास्त्रज्ञाला हा परिणाम होकायंत्राची सुई ढळल्यामुळे दिसला, आणि गंमत अशी की त्याने त्याला वीज न समजता चुंबकत्व समजले. आम्ही वापरलेल्या 'के' जातीच्या तारेत एका अंशामागे साधारण 41 मायक्रोव्होल्ट निर्माण होतात, म्हणजे एका व्होल्टचे दहा लाख भाग केले तर त्यांतले 41. ओव्हन 180 अंशांवर आणि खोली 30 अंशांवर असली, तर सगळा हिशेब जेमतेम सहा मिलिव्होल्टांचा. इतकी सूक्ष्म वीज सुट्या तारांच्या गुंत्यात आणि सैल खुंट्यांत टिकत नाही. म्हणून या कामापुरता स्वतंत्र सर्किट बोर्ड आखणे भाग होते.

आखणीसाठी कीकॅड हा संगणकावरील मोफत कार्यक्रम घेतला. ज्याँ-पिएर शारास या फ्रेंच गृहस्थांनी तो 1992 मध्ये सुरू केला आणि 2013 पासून जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या प्रयोगशाळेने त्याला हातभार लावला. आधी मंडलाचे चित्र काढायचे, मग प्रत्येक सुट्या भागाला पाटीवर जागा द्यायची, मग तांब्याच्या रेषांनी त्यांना जोडायचे. थर्मोकपलची वीज वाचणारी चिप, वायरलेस संदेश पाठविणारा छोटा संगणक आणि वीज नेमकी 3.3 व्होल्टवर आणणारा रेग्युलेटर, असा मोजका संसार. पाटी लहान व्हावी, डबी सुबक दिसावी, म्हणून आम्ही सर्वांना दाटीवाटीने बसविले. चिपच्या अगदी शेजारी रेग्युलेटर आला. ताम्रपत्रावर इस्त्रीने रेषा उमटवून, फेरिक क्लोराइडच्या द्रावणात नको ते तांबे विरघळवून, भोके पाडून आणि सोल्डर करून 2023 च्या डिसेंबरात यंत्र उभे राहिले. टेबलावर पाच मिनिटे लावून पाहिले, तर घरातील साध्या तापमापकाशी आकडा तंतोतंत जुळला. आमच्या आनंदाला पारावार राहिला नाही.

पहिला केक मधोमध बसला. कापला तेव्हा आत ओलसर गोळा निघाला. आई म्हणाली, "ओव्हन तापलाच नव्हता. कागद टाकला होता, त्याला रंग आला नाही." कोऱ्या कागदाचा कपटा आत ठेवून त्याचा रंग पाहण्याची तिची जुनी रीत. आम्ही मोबाइल तिच्यापुढे धरला. त्यावर 180 चा आकडा स्पष्ट होता. "तू दार पुनःपुन्हा उघडलं असशील," आम्ही म्हणालो. आणि तेवढ्यावर न थांबता, आता तुला नीट दिसतही नाही, असेही बोलून गेलो. तिने उत्तर दिले नाही. ओट्यावरची भांडी आवरून ती आत गेली.

रात्री झोप लागेना. उठून एका भांड्यात बर्फाचे पाणी घेतले आणि दुसऱ्यात पाणी उकळत ठेवले. समुद्रसपाटीच्या आमच्या वसईत पाणी 100 अंशांवर उकळते, बर्फाचे पाणी शून्यावर असते. यंत्राची परीक्षा घेण्याचा याहून सोपा मार्ग नाही. तासभर चालू ठेवलेल्या यंत्राने बर्फात 11 दाखविले आणि उकळत्या पाण्यात 111. दोन्ही टोकांना चूक सारखीच होती. म्हणजे तार निर्दोष होती. ज्या पायावरून मोजणी सुरू होते तो पायाच सरकला होता.

आता उलगडा झाला. थर्मोकपल तापमान सांगत नाही. तापलेले टोक आणि पाटीला जोडलेले टोक यांतील फरक तेवढा सांगते. म्हणून चिप आधी स्वतःची ऊब मोजते आणि ती त्या फरकात मिळविते. तारेची टोके जिथे पाटीला जोडली आहेत तिथेही तेवढीच ऊब असेल, हे ती गृहीत धरते. आमच्या घरात पडून असलेल्या 9 व्होल्टच्या अडॅप्टरवर यंत्र चालत होते. 9 मधून 3.3 वजा जाता उरलेल्या 5.7 व्होल्टांचा रेग्युलेटर विस्तव करीत होता आणि शेजारच्या चिपला शेकवीत होता. तारेची टोके मात्र पाटीच्या दुसऱ्या कडेला थंड होती. चिप स्वतःचा ताप ओव्हनच्या नावावर मांडत होती. पहिल्या पाच मिनिटांत रेग्युलेटर तापलेला नव्हता, म्हणून टेबलावरची परीक्षा खरी उतरली. आईच्या कागदाने सांगितले तेच खरे होते: ओव्हन 169 अंशांवरच राहिला होता.

कुसळ आणि मुसळ यांचा दृष्टांत आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. त्या रात्री तो स्वयंपाकघराच्या ओट्यावर दिसला. पहाटे आई उठली तेव्हा आम्ही म्हणालो, "तुझा कागद बरोबर होता. चूक आमच्या यंत्राची, आणि बोलण्यात चूक आमची." ती म्हणाली, "यंत्र दुरुस्त कर. नाताळ जवळ आलाय."

त्या नाताळात दुरुस्ती जमली नाही. आकड्यातून 11 वजा करून आणि आईचा कागद साक्षीला ठेवून काम भागविले. 2024 मध्ये नवी पाटी आखली आणि कारखान्याकडून करून घेतली. तिच्यात चिप आणि तारेची टोके एका कडेला अगदी लगत बसविली, त्यांच्याभोवती तांब्याचे एक बेट राखले, जेणेकरून दोघांची ऊब एकच राहावी. रेग्युलेटर दुसऱ्या कडेला नेला आणि मधे पाटीला एक लांबट खाच पाडली. वीज 5 व्होल्टच्या मोबाइल चार्जरवरून घेतली. आता जाळायला 1.7 व्होल्टच उरतात. वायरलेसच्या अँटेनाखाली तांबे ठेवले नाही. ओव्हनचे बटण आतील तापमान वर-खाली झुलवीत असते, म्हणून क्षणाचा आकडा न दाखविता अर्ध्या मिनिटाची सरासरी घेतली. आणि या वेळी पाच मिनिटांवर विश्वास न ठेवता सबंध दुपार बर्फ आणि उकळते पाणी यांत परीक्षा घेतली. चूक एका अंशाच्या आसपास राहिली.

त्या आगमनकाळात पडवीत आईच्या हातात माळ होती आणि शेजारी मोबाइल. घंटा वाजली. ती उठली, हातमोजे चढवले आणि डबा सारण्याआधी कोऱ्या कागदाचा कपटा आत ठेवलाच. आमची लेक हसली. आम्ही हसलो नाही. कागदाला रंग येईपर्यंत तिच्या शेजारी उभे राहिलो. नाताळच्या आदल्या दिवशी केकचे डबे पुन्हा त्या घरांकडे निघाले, तेव्हा पिशव्या उचलण्याचे काम आमच्याकडे होते.