दोघी जावा तानसेनला

तानसेन म्हटलं की तुम्हाला अकबराच्या दरबारातला गवई आठवेल. मलाही आधी तोच आठवला होता! पण मी सांगतेय ते तानसेन म्हणजे नेपाळातलं, पाल्पा जिल्ह्यातलं एक डोंगरी गाव. उंची जवळजवळ आपल्या महाबळेश्वराएवढी. काठमांडू-पोखराच्या ठरावीक सहलीत ते सहसा नसतं. २०२४ साली भाऊबीज उरकली आणि मी व माझी धाकटी जाऊ, अशा दोघीच तिथे जाऊन आलो. ना टूर कंपनी, ना गाईड.

"दोघीच? आणि तेही परदेशात?" ह्यांनी विचारलंच. पण सासूबाई म्हणाल्या, "जाऊ दे रे. पशुपतिनाथाच्या देशात निघाल्यात, लंडनला नाही." मग काय, विषय मिटला.

वाट अगदी सोपी आहे, मैत्रिणींनो. नाशिकरोडला कुशीनगर एक्स्प्रेस पकडली, ती थेट गोरखपूरला उतरवते. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी तोवर पुरली. गोरखपूरहून बसने सोनौली. तिथे एका कमानीखालून चालत पलीकडे गेलं की झाला परदेश! आपल्याला व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ हवं. नुसत्या आधार कार्डावर विसंबू नका. आपले शंभर रुपये म्हणजे तिथले एकशे साठ. नोटा शंभराच्याच न्या, त्या घ्यायला कुणी कुरकुरत नाही. आणि घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा.

पुढे भैरहवाहून बुटवल, आणि बुटवलहून डोंगर चढत तानसेन. शेवटचा टप्पा जेमतेम चाळीस किलोमीटरचा. बुटवल सुटताच रस्ता एका अरुंद खिंडीत शिरतो. दरडींसाठी तो बदनाम आहे. आमची बस तिथेच अडकली. पुढे दगडमाती काढायचं काम चाललं होतं. तास झाला, दोन झाले. अंधार पडायला लागला तशी जाऊबाईंनी माझा हात घट्ट धरला. खरं सांगते, मलाही वाटलं, उगीच घरच्यांचं ऐकलं नाही.

शेजारच्या बाकावर माझ्याच वयाची एक बाई होती. तिने पिशवीतून चिउरा, म्हणजे आपले पोहे, काढले आणि काही न बोलता आमच्या ओंजळीत घातले. मोडक्यातोडक्या हिंदीत बोलणं सुरू झालं. आम्ही महाराष्ट्रातल्या, म्हटल्यावर तिचा चेहरा उजळला. तिचा भाऊ मुंबईला एका सोसायटीत रखवालदार होता. तिच्याकडेही नुकतीच भाऊबीज झाली होती. तिथे तिला भाइटीका म्हणतात. बहीण भावाला सात रंगांचा टिळा लावते आणि जांभळ्या मखमली फुलांची माळ घालते. ती फुलं वाळली तरी रंग टाकत नाहीत. भाऊ यंदा आलाच नव्हता. "माळ ठेवून दिलीय, दिदी," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "तिकडे त्याला लोक नावाने हाक मारतात ना?"

मी "हो" म्हटलं. पण घास घशात अडकला. आमच्या इमारतीच्या रखवालदाराला आम्ही सगळे आठ वर्षं नुसतं 'बहादूर' म्हणत होतो.

रात्री उशिरा तानसेनला पोचलो तेव्हा त्याच बाईने आम्हाला एका साध्याशा गेस्ट हाऊसच्या दारापर्यंत आणून सोडलं. आधी खोली पाहा, गरम पाणी आणि जास्तीचं पांघरूण मागून घ्या, मगच पैसे ठरवा, हे तिनेच बजावलं.

गाव मात्र फार गोड. चढउताराच्या फरसबंद गल्ल्या, कोरीव खिडक्यांची जुनी नेवारी घरं, मधोमध शीतलपाटीचा पांढरा मंडप. श्रीनगरच्या टेकडीवरून पहाटे हिमशिखरं दिसली तेव्हा जाऊबाईंनी नकळत हात जोडले. खाली काली गंडकीच्या काठी खड्गशमशेर राणांनी पत्नी तेजकुमारीच्या आठवणीत बांधलेला राणीमहाल आहे. उतरायला मजा वाटते, चढताना गुडघे बोलतात. पाणी आणि खाऊ बरोबर घ्या.

जेवणात दालभात, आणि वरण-भात हवा तितका वाढतात. इथली 'चुकौनी' तर घरी करून बघाच: उकडलेल्या बटाट्याच्या फोडी, घट्ट दही, कच्चा कांदा, मीठ, तिखट, वरून मोहरीच्या तेलात मेथीदाणे आणि हळदीची फोडणी. आपल्या कोशिंबिरीची सख्खी बहीण!

बाजारात ढाका कापडाची शाल घेतली. मी सवयीने निम्म्या भावाला मागितली. दुकानातल्या बाईने रागावण्याऐवजी मला मागच्या मागाजवळ नेलं. नक्षीचा एकेक रंगीत धागा बोटांनी ओवावा लागतो, हे दोन मिनिटं पाहिलं आणि मुकाट्याने तिने सांगितलेले पैसे दिले. काटकसर करावी ती आपल्या सुखसोयींत, दुसरीच्या मेहनतीत नव्हे. बस साधी घ्या, खोली साधी घ्या, पण तिथे घासाघीस नको.

पावसाळा सोडून केव्हाही जा. दोघी-तिघी मिळून जा, आणि मुक्कामी उजेडी पोचाल असं निघा. अडलात तर तिथल्या बायकांना विचारा.

घरी परतलो ते सकाळी सहाला. फाटक उघडायला तोच आला. बॅग खाली ठेवून मी त्याला आधी त्याचं नाव विचारलं. तो चपापला, मग हसला. बहादूर नव्हतंच ते.