देवाच्या आगरातला फणस

२०२२च्या वसंतात लेकीला लीहाय युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळाला. पेढे वाटून होताहेत तोच ती म्हणाली, "आई, आपलं ॲलनटाउनचं घर तिथून जवळच आहे. भाडेकरूही जूनमध्ये सोडतोय. मी तिथेच राहते ना!"

"ते घर आपलं नाही गं," मी म्हणाले. तिला ते पटेना. घर शोधलं मी, त्याचे पैसे माझ्या वीस वर्षांच्या नोकरीतले.

२०१९मध्ये मी नोकरी बदलली, तेव्हा जुन्या कंपनीतल्या ४०१(के) या निवृत्ती-खात्याचे पैसे सेल्फ-डायरेक्टेड आयआरएमध्ये, म्हणजे गुंतवणूक आपणच निवडायच्या वैयक्तिक निवृत्ती-खात्यात वळवले. १९७४च्या कायद्याने आयआरए आला, तेव्हापासूनच त्यात शेअर आणि बाँडखेरीज घर, जमीन, खाजगी कर्ज असं बरंच काही ठेवता येतं. बहुतेक मोठ्या कंपन्या ती सोय देत नाहीत, म्हणून खातं सांभाळणारा वेगळा कस्टोडियन गाठावा लागतो. आपल्या माणसाला डोळ्यांना दिसणाऱ्या घराचा विश्वास वाटतो, तसा मलाही वाटला. १ लाख ३० हजार डॉलरला जुनं रो-हाऊस घेतलं. कर्ज टाळलं, कारण अशा कर्जाला स्वतःची हमी देता येत नाही, शिवाय कर्जाच्या वाट्याच्या भाड्यावर खात्यालाच कर भरावा लागतो. खरेदीखतावर नाव कस्टोडियनचं लागलं, 'अमुकच्या आयआरएच्या लाभासाठी' असं.

त्या ओळीचा अर्थ मला जानेवारी २०२१मध्ये कळला. कडाक्याच्या थंडीत घराचा बॉयलर बंद पडला. नव्याचा खर्च ६,२०० डॉलर. छताच्या कामानंतर खात्यात उरले होते फक्त १,१००. मी क्रेडिट कार्ड काढलं. महाराष्ट्र मंडळातले एक ओळखीचे सीपीए, म्हणजे हिशोबनीस, फोनवर होते. ते म्हणाले, "वहिनी, कार्ड आत ठेवा. घराचा प्रत्येक खर्च खात्यातूनच गेला पाहिजे." मग मार्ग एकच उरला: आयआरएत भरायची वार्षिक वर्गणी. पन्नाशी ओलांडलेल्यांना तेव्हा वर्षाला ७,००० डॉलर भरता येत. २०२०च्या नावावर मी ६,००० भरले. पैसे जमा होऊन कंत्राटदाराला पोचेपर्यंत चार दिवस गेले. ते चार दिवस दोन लहान मुलांचं एक कुटुंब विजेच्या हीटरपुढे बसून होतं. त्याची टोचणी अजून जात नाही. तेव्हापासून वर्षभराच्या खर्चाएवढी रोकड खात्यात ठेवल्याशिवाय मला चैन पडत नाही.

लेकीने पुढचा प्रश्न केला, "आणि मी बाजारभावाने पूर्ण भाडं दिलं तर?"

तरीही नाही. स्वतः, नवरा, आई-वडील, मुलं, नातवंडं, मुलांचे जोडीदार, यांपैकी कुणालाही त्या घराचा उपयोग करता येत नाही. गंमत म्हणजे सख्खी भावंडं त्या यादीत नाहीत. नियम मोडला तर त्या वर्षाच्या १ जानेवारीपासून ते खातं आयआरए राहतच नाही. सगळी रक्कम काढली असं धरून आयकर बसतो आणि वयाची साडेएकोणसाठ वर्षं झाली नसतील तर वर १० टक्के जादा कर.

मला आजोबा आठवले. गुहागरकडच्या आमच्या गावात ते देवळाचे विश्वस्त होते. देवाच्या आगरातले नारळ-फणस लिलावात जायचे. एका कापा फणसासाठी आम्ही नातवंडं हटून बसलो होतो. आजोबांनी त्या दिवशीही बोली लावली नाही. म्हणाले, "पूर्ण दाम दिला तरी नको. ज्याच्या हाती हिशोब, त्याच्या घरी ते फळ येऊ नये." मी हे लेकीला सांगितलं आणि तिला जे कलमांतून कळत नव्हतं ते कळलं. त्या घराची मालकीण म्हणजे म्हातारपणची मी. आजची मी फक्त तिची विश्वस्त आहे.

विश्वस्ताला डोळे उघडे ठेवावेच लागतात. एका दिवाळीच्या कार्यक्रमात एक गृहस्थ जमिनीच्या व्यवहारात पैसे लावायचा आग्रह करत होते, "कस्टोडियनची मंजुरी आहे" म्हणून. पण कस्टोडियन हिशोब ठेवतो, व्यवहार खरा की खोटा हे तपासत नाही. शेअर बाजाराची नियामक संस्था एसईसीही हेच बजावत आली आहे. मी नकार दिला. पुढचाही विचार करावा लागतो: पंचाहत्तरीपासून मला खात्यातून दरवर्षी ठरावीक रक्कम काढावीच लागेल, आणि घराची एक वीट काढून देता येत नाही. म्हणून निवृत्तीचे उरलेले पैसे मी साध्या इंडेक्स फंडांतच ठेवले आहेत.

लेकीने बेथलेहेममध्ये भाड्याची खोली घेतली. मालकाला विचारून आम्ही दोघींनी ती रंगवली. परतताना ॲलनटाउनच्या घरावरून गेलो. व्हरांड्याच्या कठड्याचे पोपडे निघाले होते. डिकीत उरलेला रंग होता, ब्रश अजून ओले होते. लेकीने माझ्याकडे पाहिलं. मी गाडी थांबवली, घराची देखभाल पाहणाऱ्या व्यवस्थापकाला फोन लावला आणि सांगितलं, "कठडा रंगवून घ्या. बिल खात्याला पाठवा."