पारव्याची खोड

‘भिंतीला राख फासायची आहे का?’ शेड कार्डावरच्या चौकोनावर बोट ठेवून आजींनी विचारलं. सूनबाईंनी कार्ड मिटलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी चहाचा कप खाली ठेवला. पुण्यातल्या घरांना रंग द्यायचं काम मी अठ्ठावीस वर्षं करतो आहे. करडा-निळा निघाला की घरातलं एक तरी माणूस हे बोलतंच. राख, सिमेंट, सुतक. एका गृहस्थांनी तर ‘तुरुंगाला देतात तो का?’ असं विचारलं होतं.

त्यांचं फार चुकत नाही. हा रंग बिघडला की खरंच सुतकी दिसतो. पिवळा बिघडला तर भडक होतो, गुलाबी बिघडला तर बालवाडी होतो, पण घर उजेडात तरी राहतं. करडा-निळा बिघडला की घरात कुणी आजारी आहे असं वाटायला लागतं.

‘आजी, राख नाही, पारवा आहे हा,’ मी म्हटलं. त्यांचा चेहरा जरा सैल झाला. कार्डावर त्या चौकोनाखाली समुद्र, धुकं आणि कुठल्यातरी परदेशी बंदराला जोडून एक लांबलचक इंग्रजी नाव होतं. आपल्याकडे दोन शतकं पुरेल असा शब्द पडून आहे. पारव्याची पाठ नीट पाहिली आहे का? राखाडी म्हणावी तर निळी, निळी म्हणावी तर राखाडी, आणि मान वळवली की हिरवी-जांभळी. अर्थात पुण्यात बाल्कनीला जाळी लावून बसलेल्या माणसाला हे कौतुक सांगू नये.

माझे वडीलही रंगारीच होते. त्यांच्या हातात कुंचा आणि बादलीत चुना. चुना आदल्या दिवशी विरवायचा, गाळायचा, त्यात डिंक घालायचा आणि शेवटी चिमूटभर नीळ. नीळ कशाला, असं लहानपणी विचारलं तर ‘पांढरं दिसायला’ म्हणायचे. चुन्याला पिवळट झाक असते, निळीने ती मरते. धोतराला नीळ घालायची तेच कारण. चिमटीची मूठ झाली की भिंत पांढरी न राहता आकाशी व्हायची. करड्या-निळ्याचा माझा पहिला धडा तोच: हात किती सैल सुटतो, त्यावर सगळं. ओला चुना गडद दिसतो आणि वाळला की फिका पडतो, म्हणून वडील आधी तापलेल्या विटेवर एक फटकारा मारून बघत. आजचं इमल्शन उलटं वागतं. ओलं असताना दुधाळ, वाळलं की किंचित गडद. पहिला हात मारताना ‘फारच फिका झाला हो’ म्हणून घाबरणाऱ्या वहिनींना मी संध्याकाळपर्यंत थांबायला सांगतो.

ती निळीची पूड म्हणजे अल्ट्रामरीन. पूर्वी ते अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या लाजवर्दापासून करत, सोन्याच्या भावाने विकत. १८२० च्या दशकात फ्रान्समध्ये गिमे यांनी ते कारखान्यात बनवायची रीत काढली. चुन्याचा क्षार ते मुकाट सोसतं. प्रशियन निळा चुन्यात घातला तर काही दिवसांत तपकिरी पडतो. वडिलांना रसायनशास्त्र ठाऊक नव्हतं, पण कुठली पुडी चुन्यात घालायची नाही हे पक्कं ठाऊक होतं.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. प्रत्येक करड्या-निळ्याला एक खोड असते. तो जागेवर राहत नाही, कुठल्यातरी बाजूला घसरतो. काही शेड हिरव्याकडे घसरतात, काही जांभळ्याकडे, काही सरळ सिमेंटकडे. लोक कार्डावर ‘न घसरणारा’ शोधत बसतात. तसा नसतो. आपल्या घरात कुठली खोड चालेल, एवढंच ठरवायचं असतं.

खोड कुठून येते ते दुकानातल्या टिंटिंग मशीनवर कळतं. पांढऱ्या बेसमध्ये मशीन चार-पाच रंग थेंबाथेंबाने सोडतं. दुकानदार ओळखीचा असला तर पडद्यावरचं सूत्र दाखवतो. मी कार्डापेक्षा ते जास्त वाचतो. निळा बहुतेक वेळा थॅलो असतो. भलता जहाल, एक थेंब जास्त पडला तर डबा गेला. तो मुळात हिरव्याकडे झुकलेला. सूत्रात जांभळा किंवा तांबडा असेल तर संध्याकाळी भिंत लव्हेंडर होणार हे धरून चालायचं. पिवळी माती असेल तर रंग जरा माणसात येतो, पण तीही जास्त झाली की थॅलोबरोबर मिळून शेवाळ उगवतं. आणि काळा. तो बऱ्याचदा लॅम्प ब्लॅक असतो, म्हणजे साधी काजळी. काजळी पांढऱ्यात मिसळली की येणारा करडा आपोआपच निळसर असतो. कित्येक सुंदर करड्या-निळ्यांमध्ये निळ्याचा थेंबही नसतो, आणि मला स्वतःला तेच जास्त आवडतात. ज्याला निळं दिसायची घाई नाही असा निळा घरात टिकतो.

हे मी शिकलो ते पदरचे पैसे घालून. एका पहिल्या मजल्यावरच्या झोपायच्या खोलीसाठी मी थॅलोवाला पारवा निवडला होता. एप्रिल अखेर. खिडकीबाहेर गुलमोहर, पानं जवळजवळ नाहीत, सगळा लाल. भिंत शांत, किंचित जांभळट, काय दिसत होती! मी फोटोबिटो काढले. जुलैत फोन आला. ‘दादा, जरा येऊन बघता का?’ गेलो. पावसाने गुलमोहर पानांनी भरला होता, ढगाळ उजेड त्या पानांतून गाळून आत येत होता आणि भिंतीला टाकीच्या तळासारखा रंग चढला होता. शेड तीच, डबा तोच. त्या घरच्या ताई काही बोलल्या नाहीत, याचंच जास्त वाईट वाटलं. दिवाळीच्या आधी मी ती खोली माझ्या खर्चाने पुन्हा केली. तेव्हापासून खोलीत शिरल्यावर आधी खिडकीबाहेर बघतो. झाड आहे का, कसलं आहे, समोरच्या इमारतीला कुठला रंग आहे. समोरची भिंत विटकरी असली तर ती दुपारभर आपल्या खोलीत पडलेली असते.

बाहेरचं झालं, आता खालचं. आपल्या फ्लॅटमध्ये बिल्डरने घातलेली क्रीम टाइल असते आणि सागवानी फर्निचर असतं. दोन्हींत पिवळं-तांबूस. त्यांच्या शेजारी कुठलाही करडा निळा दिसू लागतो. पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात रंगाई सांभाळणारे शव्ह्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. काळा धागा कस नसलेला दिसतो अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी तपासलं, धागा चोख होता. शेजारचे निळे-जांभळे धागे त्याचा काळेपणा खात होते. त्यावर त्यांनी १८३९ मध्ये जाडजूड ग्रंथच लिहिला. मला तो ग्रंथ क्रीम टाइलवर रोज भेटतो. अशा घरात मी बिननिळ्याचा करडा लावतो आणि पाहुणे ‘किती छान निळा’ म्हणतात. जुन्या घरात शहाबादी फरशी असेल तर हिशेब उलटा, कारण फरशीच मुळात पारवी. तिच्यावर तोच करडा लावला तर भिंत आणि जमीन यांची वाटणीच कळत नाही. तिथे खरा निळा हवा.

दिशांबद्दल लोक मोबाइलवर वाचून येतात: उत्तरेच्या खोलीला करडा देऊ नये, उजेड थंड असतो. हा सल्ला लंडनचा, म्हणजे ५१ अंश उत्तरेचा. पुणे साडेअठरा अंशांवर. मेच्या मध्याला आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो आणि तिथून जुलै अखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. पाऊस लांबला तर जूनमध्ये उत्तरेच्या खिडकीतून ऊन आत येतं. मला विचाराल तर या रंगाची खरी परीक्षा पश्चिमेच्या खोलीत. चार वाजताचं पिवळं ऊन त्याला पार मळकट करतं.

म्हणून मी भिंतीवर नमुना मारत नाही. जुन्या बदामी रंगाच्या मधोमध मारलेला चौकोन खोटं बोलतो. दोन बाय दोन फुटांचं प्लायवूड, त्यावर प्रायमर, मग दोन हात, कडेने चार बोटं पांढरी सोडलेली. ते घरात ठेवून येतो आणि सांगतो: सकाळी आठला बघा, दुपारी बघा, ट्यूब लावून बघा, कपाटामागच्या कोपऱ्यात नेऊन बघा. ट्यूबच्या खोक्यावर ६५०० केल्व्हिन लिहिलेलं असेल तर निळा वर येणार. ३००० चा पिवळा दिवा असेल तर निळा झोपणार आणि करडा उरणार. दिवे बदलायचे असतील तर आधी दिवे बदला, मग मला बोलवा. छताला चुनखडी पांढरा नको, त्याच शेडचा थेंब पडलेला पांढरा द्या. चकाकी तर अजिबात नको. पुट्टीचा प्रत्येक उंचवटा दिसतो.

तर आजी. प्लायवूडचे तीन तुकडे मी त्यांच्या हॉलमध्ये भिंतीला टेकवून ठेवले होते. आठवड्याने गेलो तेव्हा दिवेलागणीची वेळ होती. या वेळी डोळ्याला निळं उजळ दिसू लागतं आणि तांबडं बुडतं. पुर्किंये नावाच्या चेक शास्त्रज्ञाने हे फार पूर्वी नोंदवून ठेवलं आहे. सागवानी शोकेस काळी पडली होती आणि मधला तुकडा उजळला होता. आजी आतून लुगडं घेऊन आल्या. इरकली, घडीवर विरलेलं, तांबडे काठ, अंग पारवं. त्यांनी पदर उलगडून मधल्या तुकड्यावर धरला. कापड कुठे संपतं आणि प्लायवूड कुठे सुरू होतं ते दिसेना.

‘हाच,’ त्या म्हणाल्या. सूनबाईंचा हात बटणाकडे गेला. ट्यूब लागली की लुगडं एकीकडे आणि रंग दुसरीकडे जाणार, हे मला ठाऊक होतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात आजीच म्हणाल्या, ‘थांब गं, दिवा नको लावूस अजून.’