पुरतंय ना?

परवा रात्री साडेअकराला मावसबहिणीचा फोन आला. बाळ तीन दिवसांचं, अजून हॉस्पिटलमध्येच. "ताई, दूध पुरत नाहीये गं त्याला. सारखा रडतोय. सिस्टर म्हणाल्या, डबा आणून ठेवा. आणू का?"

एकदम सतरा वर्षं मागे गेले.

माझाही तिसराच दिवस होता. सिझेरियनचे टाके ठणकत होते आणि लेक रडून लालबुंद. बघायला येणारी प्रत्येक बाई एकच विचारायची, "दूध पुरतंय ना?" सासूबाई मायेने, शेजारच्या काकू काळजीने, सिस्टर घाईने. चौथ्यांदा ऐकल्यावर मलाच वाटायला लागलं, पुरत नसणार. चिठ्ठीवर डब्याचं नाव लिहून मिळालं. दहा मिनिटांत नवरा घेऊनही आला.

गंमत म्हणजे डब्यावरच छापलं होतं की बाळासाठी आईचं दूध सर्वोत्तम! ते छापणं आपल्याकडे १९९२च्या कायद्याने सक्तीचं आहे. डब्यावर बाळाचं चित्र नको, फुकट नमुने नकोत, जाहिरात नको. २००३ मध्ये तो कायदा आणखी कडक झाला. त्याआधी १९८१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेत अशा विक्रीला आवर घालणारी संहिता ११८ विरुद्ध १ मतांनी मंजूर झाली होती. विरोधातलं ते एक मत अमेरिकेचं.

पण माझ्यापर्यंत डबा जाहिरातीतून आलाच नव्हता. तो आला एका प्रश्नातून आणि एका चिठ्ठीतून. कंपनीला विकायची असते भुकटी, पण त्याआधी आईच्या मनात शंका असावी लागते. ती आपण घरचेच फुकट पुरवतो.

नंतर समजलं ते असं. पहिले दोन-तीन दिवस चीकच येतो, तोही थोडाथोडा. बाळाचं पोटही तेवढंच असतं. बाळ जितकं ओढेल तितकं दूध तयार होतं. बाटली पिऊन बाळ गाढ झोपलं की अंगावर ओढणारं कुणी उरत नाही, शरीर समजतं की मागणी कमी झाली. आठवड्याभरात माझं दूध खरंच पुरेनासं झालं. शंका आम्हीच खरी करून दाखवली.

आईला हे सांगितलं तर ती हसली. तिच्या वेळी चीक पिळून टाकायचे आणि बाळाला मधाचं बोट चाटवायचे. वर डबा म्हणजे शिकलेल्या घराचं लक्षण! तिच्या फडताळात रव्याला अजून तसलाच एक जुना डबा आहे.

डब्याला शिव्या द्यायच्या नाहीयेत मला. काही आयांना खरंच दूध येत नाही, काही बाळं फार लवकर जन्मतात. अशांसाठी मुंबईत सायन हॉस्पिटलमध्ये १९८९ पासून मातृदुग्धपेढी आहे. जिथे तीही सोय नाही, तिथे डबाच बाळाला जगवतो. माझी लेकही त्याच डब्यावर छान वाढली. मी मात्र कितीतरी वर्षं स्वतःला कमी पडलेली आई समजत राहिले. ते ओझं उगीचच होतं.

असो. तर बहिणीला विचारलं, "आज लंगोट किती ओले केले?"

"चार... नाही, पाच."

"मग पोटात जातंय की! आत्ता अंगावर घे. सकाळी डॉक्टरांना वजन बघायला सांग, आणि तो नीट ओढतोय का तेही. ते म्हणाले तर आण डबा, मुळीच वाईट वाटून घेऊ नकोस. पण भीतीने आणू नकोस."

मग मावशीला फोनवर घेतलं. "मावशी, उद्यापासून तिला 'पुरतंय का' विचारायचं नाही. 'जेवलीस का, झोपलीस का' एवढंच विचार."

मावशी जरा गप्प झाली. मग म्हणाली, "अगं, मलाही सगळे तेच विचारायचे."